पॉलिसीतला पाऊस

मे महिना उतरू लागला की आमच्या गोव्यात नळे परतणाऱ्यांची शोधाशोध सुरू होते. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला आणि तिथली चपटी लाल कौले हळूहळू आपल्या घरांवर चढली, तरी आपण त्यांना नळेच म्हणतो. छपरावर चढणारे हात मात्र आता फार थोडे उरले. मग कोणीतरी सल्ला देतो, "घराचा विमा काढून टाक, गळतीची चिंताच नको."

हा सल्ला मी पुष्कळ घरांत ऐकला आहे. तो बरोबर नाही.

'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या मसुद्याची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळीकडे मिळू लागली. तिच्यात कोणत्या घटनांची भरपाई मिळते त्याची यादीच दिलेली असते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, जमीन खचणे, बाहेरची वस्तू येऊन आदळणे. पाण्याची टाकी फुटणेसुद्धा आहे. नाही तो नुसता पाऊस! वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या माणसाला हे गमतीचे वाटेल, पण त्यामागचा हिशेब सरळ आहे. विमा घटनेचा असतो, झिजण्याचा नसतो. वाऱ्याने कौले उडाली आणि त्या भगदाडातून पाणी आत आले, तर ते वादळाचे नुकसान. रीप कुजून कौल खाली सरकले आणि तिथून पाणी ठिबकले, तर ती आपली राहिलेली डागडुजी. वाळवीही यादीत नाही. माकडांचे नावही नाही, आणि सत्तरी-सांग्याकडच्या लोकांना त्याचे दुःख अधिक.

२०२४ च्या जुलैत वाऱ्याने माझ्या आत्याच्या छपरावर माड कोसळला. सर्व्हेअर आला, शिडी लावून वर गेला आणि मोडलेल्या वाशांत बोट खुपसून पाहू लागला. आत्या खालून म्हणाली, "अरे, माड पडला तो दिसत नाही का तुला? वासे कसले तपासतोस?" तो शांतपणे म्हणाला, "मावशी, माडाने मोडलेले कुठले आणि आधीच गेलेले कुठले, तेवढेच बघतोय." माडाखालच्या भागाचे पैसे मिळाले. मागच्या पडवीचे मिळाले नाहीत. तिथे वाळवीने घर केले होते आणि माड तिथवर पोचलाच नव्हता. आत्या अजून त्याला नावे ठेवते. मला तो माणूस प्रामाणिक वाटला.

तिच्या बाजूने बोलली ती एकच गोष्ट: मे महिन्यात नळे परतल्यावर भाच्याने मोबाइलवर काढलेले फोटो. पुढची बाजू धड होती हे त्यांत स्पष्ट दिसत होते. घडलेले लगेच कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत मोडके वासे फेकू नयेत, हेही खरे. पाणी आत येऊ नये म्हणून ताडपत्री मात्र खुशाल घालावी, कोणी अडवत नाही.

रक्कम ठरवताना आपले लोक जमिनीचा भाव धरतात. ते नको. तेवढेच घर आज पुन्हा बांधायला किती लागेल तो आकडा धरायचा. घरातल्या सामानासाठी, वेगळे काही न सांगता, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये धरलेले असतात. चवथीच्या खोलीतले जुने शिसवी कपाट त्यात बसते. ज्या भिंतीला ते टेकले आहे तिचा हिशेब इमारतीत.

आपल्याकडची खरी अडचण मात्र वाशांपेक्षा कागदांत आहे. घरपट्टी आजोबांच्या नावाने येते, एक-चौदाच्या उताऱ्यावर सात नावे, त्यांतली दोन मुंबईला आणि एक लिस्बनला. पॉलिसी काढणाऱ्याचा त्या घरात हक्क असावा लागतो, आणि तो किती हेही बघितले जाते. नळे परतण्याचा खर्च कोणी द्यायचा यावरून जे भाऊ दर मे महिन्यात भांडतात, त्यांनी निदान एवढ्यासाठी तरी एकदा एका पडवीत बसावे.