अब्बांची सायकल आणि आमची

पेणहून रोह्याच्या दिशेने सायकलने निघालो की वडखळ नाक्यावर हमखास कोणीतरी ओळखीचे भेटते आणि विचारते, "काय सर, गाडी बिघडली का?" गाडी बिघडलेली नाही, मुद्दाम सायकल काढली आहे, असे सांगितले की विचारणारा जास्तच काळजीत पडतो. माणूस बी.एड. झालेला, वय अडतीस, महिन्याला पगार येतो, आणि हा रविवारी भल्या पहाटे हेल्मेट चढवून हायवेवर काय करतो? आपल्या समाजात सायकल ही हौसेची वस्तू कधी नव्हतीच. ती गरजेची होती. गरज संपली की तिने परसदारी भिंतीला टेकून गंजत बसायचे, अशी रीत.

आमच्या घरात तर हा हिशोब फारच सरळ होता. अब्बा पाव विकत. पहाटे भट्टीतून गरम लादी पाव, बटर, टोस्ट घ्यायचे, कॅरिअरवर बांधलेल्या पत्र्याच्या पेटीत भरायचे आणि भोंगा वाजवत हमरापूर, जोहे आणि पुढची खारेपाटातली गावे करायची. शाळेला सुट्टी असली की पुढच्या दांडीवर आम्ही. चढ आला की अब्बा उतरून सायकल ढकलत आणि म्हणत, "मी पॅडल मारतोय ते तुला मारायला लागू नये म्हणून." आम्ही उर्दू माध्यमातून शिकलो, बी.एड. केले आणि २०११ साली रोहा तालुक्यातल्या एका उर्दू हायस्कूलमध्ये लागलो. पहिला पगार हातात आला त्या दिवशी अब्बांनी आपली सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. घरात शिरखुर्मा झाला. तोपर्यंत त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. चार वर्षांनी अब्बाही गेले.

आम्ही मराठी आणि इतिहास शिकवायला लागलो होतो. शिकवणे आजही आवडते. पण गेल्या काही वर्षांत शिकवणे राहिले बाजूला आणि आमचे झाले ऑफिस. शाळेतल्या क्लार्कची जागा रिकामी पडली. आम्हाला कॉम्प्युटर येतो हे कोणीतरी मोठ्या सरांना सांगितले, आणि तिथेच आमचा घात झाला. पगारबिलांचे शालार्थ, विद्यार्थ्यांचे सरल, यू-डायस, नववी-दहावीच्या स्कॉलरशिपचे अर्ज, सगळे आमच्या टेबलावर. त्यात मतदारयादीचे काम. २०२४ साली तर लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांची ड्युटी एकाच वर्षात आली. मोबाइलवर शाळेचा ग्रुप, केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप. रात्री अकराला निरोप येतो, "उद्या सकाळी दहापर्यंत माहिती भरणे. विषय अतितातडीचा." पेणहून आमची रोहा गाडी पहाटेची. कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशने जातात आणि आम्ही मांडीवर रजिस्टर उघडून आकडे जुळवत बसतो.

सगळ्यांत जीवघेणे काम म्हणजे आधार आणि शाळेच्या नोंदी जुळवणे. ज्यांच्या घरात शाळेत जाणारी मुले आहेत त्यांना हे सांगायला नकोच. एका मोहम्मद नावाची इंग्रजीत किती स्पेलिंगे होतात ते आम्हाला विचारा! जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरेच. एखाद्या अक्षरावाचून पोर्टल मुलाला ओळखत नाही. मुलगा समोर बाकावर बसलेला असतो, पण कागदाच्या लेखी तो शाळेत नसतो. असे दहा-पंधरा मुलगे नाहीसे झाले की संचमान्यतेत शिक्षकाचे एक पद उडते आणि आपल्यातलाच कोणीतरी अतिरिक्त ठरतो. सप्टेंबरअखेरपर्यंत हे सारे जुळवायचे असते. त्या दिवसांत आम्हाला झोप लागत नाही. पेणच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तेव्हा तो १६० आणि १०० निघाला. त्यांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "काहीतरी व्यायाम करा, नाहीतर गोळ्या वाढतील."

चालून पाहिले. चालताना मोबाइल खिशात वाजतो आणि हात तिकडे जातो. सायकलवर दोन्ही हात हँडलला लागतात. एवढ्याच कारणाने आम्ही पनवेलहून एक गिअरची जुनी सायकल घेतली. ती अंगणात आणून लावली तेव्हा अम्मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या बापाने ही बला घरातून घालवली होती. तू पैसे देऊन परत आणलीस?" त्यांचे डोळे भरले होते. आम्हाला उत्तर सुचले नाही. ते पुढे बरेच दिवस सुचले नाही.

फजरची नमाज झाली की निघायचे. आधी वडखळपर्यंत, मग गडब, कासू, मग नागोठण्याचा अंबा नदीवरचा पूल. हायवेच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, म्हणजे आमच्या नोकरीच्याच वर्षी. त्या कामाने आम्हाला खड्डे ओळखायला शिकवले. नागोठण्याहून आत वळले की भिसे खिंड लागते. पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा अर्ध्यात उतरून सायकल ढकलली, अगदी अब्बांसारखी. महिन्याभराने न उतरता चढलो आणि खाली रोहा दिसले. रोज ज्या गावी डोकेदुखी घेऊन उतरतो ते हेच गाव, आणि सकाळच्या उन्हात कुंडलिका नदी इतकी शांत दिसते, हे दहा-बारा वर्षांत पहिल्यांदा कळले. पेण ते रोहा चाळीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन ऐंशी.

मग पुढची गोडी लागली. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली होती. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत एकेकट्याने पार केली. सगळे नोकरी-व्यवसायातली माणसे. दवाखाना सांभाळून ते हे करतात तर आपण निदान दोनशे किलोमीटर करू, असे मनाने घेतले. इथेच आमची चूक सुरू झाली. मोबाइलवर वेग मोजणारे ॲप आले. कोण ताशी पंचवीसने गेला, कोण अठ्ठावीसने, हे पाहण्यात रात्री जाऊ लागल्या. म्हणजे शाळेत एक पोर्टल आणि घरी दुसरे! सलग सहा रविवार आम्ही घरात नव्हतो. बायको एकदा एवढेच म्हणाली, "अहो, आधी तुम्ही शाळेचे होता, आता सायकलचे झालात. मुलीला रविवारीही अब्बा मिळत नाहीत." ती चिडून बोलली असती तर आम्हीही चिडलो असतो. ती शांतपणे बोलली, म्हणून ते लागले.

तरी गेलो. जुलै महिना होता. दोनशे किलोमीटरच्या अशा प्रवासाला ब्रेव्हे म्हणतात. ही पद्धत फ्रान्समधली. पॅरिसच्या एका क्लबने ती १९२१ साली सुरू केली आणि आज आपल्याकडेही शहरोशहरी अशा ब्रेव्हे होतात. नियम सोपे. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटे, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. वाटेत ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचे आणि कार्डावर नोंद करून घ्यायची. बाहेरची मदत नाही, आपले पंक्चर आपण काढायचे. ही शर्यत नाही, असे कागदावर लिहिलेले होते. ते आम्ही वाचले, पण मनावर घेतले नाही.

त्याच आठवड्यात शाळेत एक गोष्ट घडली होती. नववीतला एक मुलगा, अभ्यासात मागे, स्वभावाने गरीब. त्याच्या आधारवरचे नाव दुरुस्त करून आणायला आम्ही त्याला तीनदा सांगितले होते. चौथ्यांदा तो रिकाम्या हाताने उभा राहिला तेव्हा भर वर्गात आम्ही बोललो, "तुझ्यासारख्या एकामुळे सगळी शाळा मागे पडते." त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आम्ही हजेरीत गैरहजर मांडले आणि ब्रेव्हेच्या तयारीला लागलो.

पेणहून पुण्याला गणपतीच्या मूर्ती घेऊन शेजाऱ्याचा टेम्पो निघणार होता. मूर्ती पेंढ्यात बसवलेल्या, त्यांच्या मागे आमची सायकल बांधलेली, आणि ड्रायव्हरच्या शेजारी आम्ही. सकाळी ६ वाजता पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने सुटलो. चाळीस-पन्नास जण होते. तासाभरात सगळे पुढे गेले. खंबाटकी घाटात पाऊस आणि धुके एकत्र आले. शंभर किलोमीटरचा टप्पा १२ वाजून ४० मिनिटांनी बंद होणार होता, आम्ही १२.२५ ला पोचलो. परतताना घाटाऐवजी बोगदा असतो म्हणून जीव सुखावला, पण शिरवळजवळ पंक्चर. भिजलेल्या हातांनी टायर निघेना. रिंगवरून तो काढायला वीस मिनिटे लागली. रस्त्याकडेला बसून आम्ही हिशोब केला. आपण सर्वांत शेवटी आहोत, मग आता पोचून तरी काय मिळणार? टेम्पोवाल्याला फोन लावायला मोबाइल काढला. त्यावर शाळेच्या ग्रुपचे चौदा निरोप होते. तो तसाच परत पिशवीत टाकला आणि निघालो.

७ वाजून १८ मिनिटांनी पोचलो. बारा मिनिटे उरली होती. टेबलामागच्या तरुणाने कार्ड घेतले, वेळ लिहिली, हातात चहा दिला. आम्ही ओशाळून म्हणालो, "आमचा नंबर शेवटचा ना?" तो म्हणाला, "सर, इथे नंबर नसतो. वेळेत आलेला आला." पहिल्याच्या कार्डावर जो शिक्का, तोच आमच्या.

रात्री टेम्पोत झोप लागली नाही. पाय दुखत होते म्हणून नव्हे. आमच्या वर्गात वेळ होती, टप्पे होते, सगळे होते. फक्त शेवटी येणाऱ्याला आम्ही पोचूच देत नव्हतो. सप्टेंबर संपायला दोन महिने होते. त्या मुलाची वेळ संपली नव्हती, आमचा धीर संपला होता.

पुढच्या रविवारी सायकल काढली ती त्याच्या गावाकडे. नागोठणे-रोहा रस्त्यावरून थोडे आत. बाप गवंडीकाम करणारा, रविवारीच घरी सापडणारा. आम्हाला सायकलवरून घामाघूम आलेले पाहून तो घाबरला, मग त्याने खुर्ची आणली. कळले ते एवढेच की आधारच्या केंद्रावर जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. दोनदा गेला तेव्हा एकदा लाइट नव्हती आणि एकदा कागद कमी पडला. कोणता कागद हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. आम्ही यादी लिहून दिली, शाळेचे पत्र देतो म्हटले. मुलगा दाराआडून बघत होता. त्याला जवळ बोलावून आम्ही म्हणालो, "त्या दिवशी आम्ही चुकलो." शिक्षकाने असे म्हणायचे असते हे आम्हाला बी.एड.ला कोणी शिकवले नव्हते. तो सोमवारी शाळेत आला. नाव सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जुळले. अभ्यासात तो आजही मागेच आहे, पण रोज येतो.

ऑफिस काही बदललेले नाही. क्लार्कची जागा अजून रिकामीच आहे. गोळी चालू आहे, पण वाढलेली नाही. आम्ही मात्र काही टप्पे ठरवून घेतले. रात्री नऊनंतर ग्रुप बघायचा नाही. महिन्यातले दोन रविवार सायकलचे, दोन घराचे. वेग मोजणारे ॲप काढून टाकले. कामाचा डोंगर पाहायचा नाही, आज कोणता टप्पा गाठायचा आहे तेवढेच पाहायचे. आणि ज्या मुलांचे कागद अडतात त्यांची घरे सायकलच्या वाटेवर येतील अशा वाटा शोधायच्या. आतापर्यंत अशी सात घरे झाली.

अम्मींना हे सगळे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझा बाप पाव पोचवायचा आणि तू कागद पोचवतोस." बोलल्या आणि आत गेल्या. गेल्या रविवारी निघताना पाहिले तर सायकलच्या मागे कॅरिअर बसवलेले होते. बायकोने सांगितले, अम्मींनी शेजारच्या पोराला पैसे देऊन बसवून घेतले. त्यावर फडक्यात बांधलेले चार बटर होते.