शेजाऱ्याचं राष्ट्रगीत

अब्बांचा एक नियम होता. पाकिस्तानविरुद्धचा सामना भारताने जिंकला की लगेच चौकात जायचं, चार लोकांना दिसायचं. हरला, तर त्या रात्री घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी दहा-बारा वर्षांचा होतो. सचिनने चौकार मारला की घरातच उड्या मारायचो. ते मला कुणी शिकवलं नव्हतं. पण त्या आनंदाची चौकात हजेरी लावावी लागते, हे मनाला लागायचं.

शेजारी देशांचा सामना म्हटलं की हे असंच असणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. पुढे दुसऱ्या खेळांतल्या दोन गोष्टी वाचनात आल्या.

पहिली बास्केटबॉलची. ऑगस्ट 1990, ब्यूनोस आयर्स. युगोस्लाव्हियाने सोव्हिएत संघाला 92-75 असं हरवून विश्वविजेतेपद मिळवलं. संघात व्लादे दिवात्स सर्ब, तर द्राझेन पेत्रोविच क्रोएट. दोघे जिवलग मित्र. जल्लोष चालू असताना एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात आला. दिवात्सने तो त्याच्या हातून हिसकावला. हा विजय सगळ्या युगोस्लाव्हियाचा आहे, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण वर्षभरात युद्ध पेटलं आणि त्या एका क्षणाने तो क्रोएशियाचा शत्रू ठरला. मित्राने बोलणं तोडलं. 7 जून 1993 रोजी पेत्रोविच जर्मनीत मोटार अपघातात गेला, अवघा 28 वर्षांचा. समेट राहूनच गेला. 1995 साली अथेन्सला युरोपीय स्पर्धेत युगोस्लाव्हियाला सुवर्ण आणि क्रोएशियाला कांस्य मिळालं, तेव्हा क्रोएट खेळाडू सुवर्णपदकं दिली जाण्याआधीच मंचावरून उतरून निघून गेले. कालचा एक संघ आज शेजारी झाला होता, आणि शेजाऱ्याचं राष्ट्रगीत ऐकवत नव्हतं.

दुसरी गोष्ट रग्बीची. आयर्लंडची फाळणी झाली, पण रग्बीचा संघ एकच राहिला. डब्लिनचा कॅथलिक आणि बेलफास्टचा, स्वतःला ब्रिटिश मानणारा प्रोटेस्टंट एकाच जर्सीत खेळतात. राष्ट्रगीताचा पेच होता, म्हणून 1995 मध्ये दोघांनाही गाता येईल असं वेगळं गीत लिहून घेतलं. कुणालाही आपली ओळख पुसावी लागली नाही.

या संघाचा इंग्लंडशी सामना 24 फेब्रुवारी 2007 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर झाला. याच मैदानात 21 नोव्हेंबर 1920 रोजी ब्रिटिश दलांनी सामना पाहायला आलेल्या लोकांवर गोळीबार केला होता. चौदा माणसं गेली. आता तिथेच ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजणार होतं. लोक हुर्यो उडवतील, अशी भीती होती. ऐंशी हजारांवर प्रेक्षकांनी ते शांतपणे ऐकलं, संपल्यावर टाळ्या वाजवल्या. मग आयर्लंडने इंग्लंडला 43-13 असं धुतलं.

मला त्या 43 गुणांपेक्षा त्या टाळ्या मोठ्या वाटतात. त्या वाजवल्या म्हणून कुणी कमी आयरिश ठरला नाही. 1920 कुणी विसरलंही नव्हतं. स्वतःच्या घराबद्दल खात्री असली की शेजाऱ्याचा मान राखता येतो, आणि घरातल्याच माणसाकडे रोज पुरावा मागावा लागत नाही. आपल्याकडे सामना सीमेपलीकडच्या संघाशी असतो, पण परीक्षा गल्लीतल्या माणसाची होते. अब्बांचा नियम भित्रेपणाचा नव्हता. त्या परीक्षेत मुलगा नापास होऊ नये, ही बापाची काळजी होती.

अब्बा आता नाहीत. मागच्या भारत-पाकिस्तान सामन्याला शेवटचं षटक सुरू होतं, तेव्हा माझ्या मुलाने विचारलं, "अब्बू, जिंकलो तर चौकात जायचं का?"

मी म्हटलं, "नाचावंसं वाटलं तर जा. कुणाला दाखवायला जाऊ नकोस."

"आणि हरलो तर?"

क्षणभर माझी नजर खिडकीकडे गेली. मग म्हणालो, "हरलो तरी आईस्क्रीम खायला चौकातच जाऊ."