चार फूट, पायाच्या तळापासून

सध्या भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत सुटले आहे: चार फूट! सिएटलमध्ये घराच्या आवारात रिटेनिंग वॉल बांधायची असेल, तर चार फुटांपर्यंत सहसा परवाना लागत नाही. त्यावर गेलात की लागतो. आणि हे चार फूट जमिनीपासून मोजायचे नाहीत, पायाच्या तळापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत मोजायचे. म्हणजे फूटिंग फूटभर जमिनीत गेलं असेल, तर डोळ्यांना दिसणारी भिंत जेमतेम तीन फुटांची! अमेरिकेच्या बहुतेक गावांनी आणि शहरांनी स्वीकारलेल्या घरबांधणीच्या आदर्श संहितेतही हेच मोजमाप आहे. वाचलं तेव्हा वाटलं, कुठल्या तरी कचेरीत कुणीतरी गोल आकडा लिहून टाकला असेल. मग त्या आकड्याच्या मागे गेले आणि अजून परतलेले नाही.

आमचं घर वेस्ट सिएटलच्या उतारावर आहे. मागच्या अंगणात कधीकाळी रेल्वेचे जुने स्लीपर रचून केलेली भिंत आता पुढे झुकली आहे, ती काढून नवी बांधायची आहे. एवढ्याचसाठी मी शहराचे नियम उघडले होते.

तर ऐका. भिंतीमागची माती भिंतीला ढकलत असते, हे आपल्याला अंदाजानं माहीत असतं. पण किती? सर्वसाधारण, पाणी निथळून जाणाऱ्या मातीचा रेटा चार फूट उंच भिंतीच्या दर फूट लांबीला साधारण सव्वाशे किलो येतो. आता भिंत आठ फुटांची करा. रेटा दुप्पट होईल ना? नाही, चौपट होतो, दर फुटाला पाचशे किलो! कारण खोली वाढेल तसा मातीचा दाब वाढतो आणि तो दाब झेलणारी भिंतही उंच झालेली असते. त्यात हा रेटा जिथे लागतो ती जागाही पायापासून दुप्पट वर सरकते, म्हणून भिंतीला उलथवू पाहणारा जोर होतो आठपट. उंची दुप्पट, उलथण्याचा जोर आठपट! हे कागदावर स्वतः मांडून पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून मागच्या खिडकीशी गेले आणि त्या झुकलेल्या स्लीपरांकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते बिचारे हे सगळं पेलत होते.

म्हणून चार फुटांच्या वर इंजिनिअरची सही लागते. नुसती सही नाही, हिशेब लागतो. भिंत उलथणार नाही, पुढे सरकणार नाही, पायाखालची जमीन दबणार नाही, हे वेगवेगळं दाखवायचं. उलथण्याविरुद्ध आणि सरकण्याविरुद्ध येणाऱ्या जोराच्या किमान दीडपट ताकद हवी. भूकंपाचा जोर धरला, तर 1.1 पट चालते. आणि सिएटलमध्ये भूकंप धरावाच लागतो. 28 फेब्रुवारी 2001चा 6.8 तीव्रतेचा निस्क्वाली भूकंप इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो.

या गणिताचा उगम शोधत गेले तर कोण भेटावं? कूलोम! शाळेत विद्युतभाराच्या नियमात पाठ केलेला तोच कूलोम. तरुणपणी तो फ्रेंच सैन्यात इंजिनिअर होता. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्यानं अनेक वर्षं घालवली. तिथून परतल्यावर 1773 साली त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे बांधकामातल्या प्रश्नांवर एक निबंध वाचला, तो 1776 साली छापून आला. त्यात संरक्षक भिंतीमागच्या मातीचा विचार आहे. भिंत जराशी पुढे सरकली की मागची सगळी माती काही एकदम येत नाही, एक पाचर सुटते. भिंतीच्या तळापासून तिरकी वर गेलेली एक रेघ, त्या रेघेच्या पुढची माती भिंतीवर रेलते आणि मागची जागच्या जागी राहते. विजेच्या आधी या माणसानं मातीचा अभ्यास केला होता, हे मला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही?

ही पाचर एकदा डोळ्यांपुढे आली की नियमावलीतली कलमं आपोआप उलगडायला लागतात. साधारण मातीत ती भिंतीच्या उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त मागे पोचते. त्या पट्ट्यात गाडी उभी राहणार असेल, घराचा कोपरा येत असेल, वरचा उतार चढत असेल, तर भिंत तीनच फुटांची असली तरी चार फुटांची सूट मिळत नाही. चार फुटांच्या आतल्या दोन भिंती पायऱ्यांसारख्या बांधून परवाना टाळू म्हणाल, तर तेही ठरलेलं आहे. वरची भिंत खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत आली, तर ढोबळ हिशेबानं ती खालच्या भिंतीवरचा भार धरतात. शेजाऱ्याचाही प्रश्न इथेच येतो. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंतीला मागे मातीत जिओग्रिडच्या जाळ्या पसराव्या लागतात, भिंतीच्या उंचीच्या साठ-सत्तर टक्के लांबीच्या. सहा फुटी भिंत आणि हद्द तीन फुटांवर असेल तर जाळी जाणार कुठे? शेजाऱ्याच्या जमिनीत तर नाहीच. शिवाय त्याच्या जमिनीला आपल्या बाजूनं मिळणारा नैसर्गिक आधार काढून घेण्याचा हक्कही इथला कायदा आपल्याला देत नाही.

पण मी खरी वेडी झाले ती पाण्यावर. मघाचा सव्वाशे किलोचा आकडा निथळलेल्या मातीचा होता. भिंतीमागे पाणी काठोकाठ साचलं तर? चार फुटी भिंतीवर नुसत्या पाण्याचा रेटा दर फुटाला सव्वादोनशे किलो! मातीपेक्षा जास्त! पाण्यात बुडालेली माती हलकी होते, त्यामुळे तिचा स्वतःचा रेटा निम्म्यावर येतो, तरी बेरीज दुपटीच्या वर जाते. भिंतीच्या मागे तळाशी भोकं पाडलेला चार इंची पाइप, त्याभोवती धुतलेली खडी, खडीत माती शिरू नये म्हणून गाळणीचं कापड. नकाशावर ही एवढीशी आडवी रेघ दिसते. भिंतीचा अर्धा हिशेब तिच्यावर उभा आहे.

हे सगळं मी एका रात्री बाबांना फोनवर सांगत बसले. बाबा राजापूरला असतात, आमच्या घराभोवतीचा चिऱ्याचा गडगा त्यांच्या देखरेखीखाली रचलेला आहे. त्यांनी कूलोमचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाण्याक वाट ठेवलास ना गो? मग झाला." कोरड्या रचलेल्या गडग्याला वेगळा पाइप लागत नाही, त्याच्या फटीफटीतून पाणी निघून जातं. सिमेंटनं सांधे भरले की ते दार बंद होतं, मग दुसरं दार करून द्यावं लागतं.

आणि मग मालाड आठवलं. 2 जुलै 2019च्या मध्यरात्रीनंतर, मुसळधार पावसात, पिंपरीपाड्यात भिंत कोसळली आणि तिच्या खालच्या झोपड्यांत झोपलेली तीसच्या आसपास माणसं गेली. बातमी तेव्हा वाचली होती. आता हे गणित कळल्यावर ती पुन्हा वाचली आणि भिंतीमागे साचत जाणारं पाणी मला दिसायला लागलं. भिंतीबद्दल "पाणी कुठून जाणार?" असं विचारणारा माणूस प्रत्येक कचेरीत बसलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या भिंतीसाठी जमिनीच्या तपासणीला जिओटेक्निकल इंजिनिअर बाई आल्या. हातानं फिरवायचा लांब गिरमिट घेऊन. मी शेजारीच उकिडवी बसले. आधी काळी, मुळांनी भरलेली भुसभुशीत माती आली. मग तपकिरी वाळू, बोटांतून सुटी गळणारी. बाईंनी दांडा जोडून आणखी फिरवला. वाळू ओलसर झाली, मग चिंब झाली, आणि एकाएकी गिरमिट अडखळायला लागला. वर आली ती राखाडी चिकणमाती, शाडूसारखी गुळगुळीत, दाबली तर बोटांचे ठसे राहतील अशी. बाईंनी वाळूचा शेवटचा ओला गोळा आणि हा राखाडी गोळा माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवला. सिएटलच्या दरडींची कहाणी ती हीच! वरच्या वाळूला एस्परन्स सँड म्हणतात, खालच्या मातीला लॉटन क्ले. हिमयुगात ओळीनं साचलेले थर. पाऊस वाळूतून झरझर उतरतो, चिकणमातीवर अडतो आणि आडवा वाहायला लागतो. जिथे ही वेस टेकडीच्या कडेला उघडी पडते, तिथे दरड. 1996-97च्या हिवाळ्यात बर्फ आणि पाऊस पाठोपाठ आले, तेव्हा शहरभर किती ठिकाणी जमीन सरकली!

त्यामुळे शहरानं अशा जागा नकाशावर आखून ठेवल्या आहेत. पत्ता टाकला की कळतं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त चढ आणि त्यात निदान दहा फुटांची उंची, म्हणजे तीव्र उतार. तिथे चार फुटांच्या सुटीवर विसंबून कुदळ मारायची नाही, आधी विचारायचं. दरडीच्या जागी 31 ऑक्टोबर ते 1 एप्रिल खास मंजुरीशिवाय माती हलवायचीच नाही. किती बरोबर आहे हे! इथला पाऊस त्याच महिन्यांत असतो.

आता रस्त्यानं चालताना माझी नजर भिंतींवरच असते. इथल्या गल्ल्यागल्ल्यांत मोठमोठे धोंडे एकावर एक रचलेल्या भिंती आहेत, त्यांना रॉकरी म्हणतात. मी त्यांना रिटेनिंग वॉल समजत होते. पण चांगली रॉकरी मुळातच स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या घट्ट कापाला झीज होऊ नये म्हणून चढवलेलं चिलखत असते. भुसभुशीत भराव तिच्यामागे टाकून ती तो धरील, अशी अपेक्षा करायची नसते. ठोकळ्यांची भिंत प्रत्येक थराला किंचित मागे का सरकते, तेही आता कळतं.

खणण्याआधी 811ला फोन करायचा असतो, कामाचे दोन दिवस आधी. मग माणसं येऊन गवतावर रंगांच्या रेघा मारून जातात: विजेला लाल, गॅसला पिवळा, पिण्याच्या पाण्याला निळा, मलवाहिनीला हिरवा, फोन-इंटरनेटला नारिंगी. आमच्या अंगणात पिवळी रेघ नव्या पायापासून हातभर अंतरावर निघाली! पाया तेवढा आत घेतला, म्हणजे पाचरही आत आली, म्हणजे अंगणही थोडं लहान झालं. पुन्हा सगळा हिशेब. मला तो करताना इतका आनंद झाला की इंजिनिअर बाईंनी त्यांच्या तक्त्याची एक प्रत मला देऊन टाकली.

अखेर एकच पाच फुटी काँक्रीटची भिंत ठरली आहे, आत सळया, पायाची टाच मागे मातीखाली गेलेली, म्हणजे तिच्यावर बसलेली माती आपल्याच वजनानं भिंतीला धरून ठेवते. (ज्या मातीला अडवायचं तिलाच कामाला लावायचं, काय डोकं असेल!) फूटिंगच्या सळया बांधून झाल्या की काँक्रीट ओतण्याआधी शहराचा इन्स्पेक्टर येऊन बघणार. झाकलं की दिसत नाही, म्हणून आधी.

नकाशे दाखल केले, आणि तपासणाऱ्यांकडून पहिला प्रश्न आला तो भिंतीच्या जाडीबद्दल नव्हता, सळयांबद्दलही नव्हता. विचारलं होतं की मागचा पाइप कुठे सुटतो? आम्ही तो कोपऱ्यात, उताराच्या तोंडाशी सोडलेला दाखवला होता. तिथून पाणी थेट खालच्या शेजाऱ्यांच्या परसात आणि त्याच वाळूत गेलं असतं. आता तो घराच्या कडेनं वळवून समोरच्या रस्त्याकडे, पावसाच्या पाण्याच्या गटाराला जोडायचा आहे. त्याला पुरेसा उतार मिळतो का, हे मी शनिवारी पाण्याची नळी आणि दोरी घेऊन स्वतः मोजणार आहे.