दुकानात विचारायचं कोणाला?

जून महिना जवळ आला की पुण्यातल्या पालकांची पावलं आपोआप अप्पा बळवंत चौकाकडे आणि लक्ष्मी रस्त्याकडे वळतात. वह्या, पुस्तकं, कव्हरचा खाकी कागद, दप्तर, रेनकोट, गणवेश, बूट. यादी दरवर्षी तीच असते. बदललंय ते वस्तू मिळण्याचं ठिकाण, आणि वाढलीय ती मिळवताना होणारी दमछाक.

यंदा माझ्या मुलासाठी पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट हवे होते. त्यात विशेष असं काहीच नाही. पण आम्ही नेहमी ज्या दुकानातून बूट घ्यायचो, तिथे आता मोबाईलची कव्हरं लटकलेली दिसली. पुढच्या चकचकीत शोरूममध्ये भिंतभर रंगीत शूज होते. पांढरे कॅनव्हास विचारल्यावर तिथला मुलगा म्हणाला, "ते आम्ही ठेवत नाही मॅडम, ऑनलाइन बघा ना." मॉलमध्ये बूट होते, पण हवं ते माप नव्हतं आणि विचारावं तर आसपास कोणी नव्हतं. शेवटी ऑनलाइन मागवले. पहिला जोड लहान निघाला, परत पाठवला. दुसरा मोठा निघाला. तिसरा बरोबर आला, तोपर्यंत शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. मध्ये एकदा तक्रार करायला गेले, तर ॲप म्हणतंय, खालील चार पर्यायांपैकी एक निवडा. माझा प्रश्न त्या चारांत नव्हताच!

पैसे बुडाले नाहीत, कोणी फसवलंही नाही. तरी चिडचिड झालीच. मला एवढंच विचारायचं होतं, की या पोराच्या पायाला कोणतं माप घेऊ? आणि हे विचारायला माणूस नव्हता.

आमच्या लहानपणी चपला-बुटांच्या दुकानातले काका पायापुढे छोट्या स्टुलावर बसायचे. पाय पट्टीवर ठेवून माप घ्यायचे. बूट चढवला की अंगठ्यापुढे बोटाने दाबून बघायचे आणि आईला सांगायचे, "वहिनी, एक बोट जागा ठेवलीय, पाय वाढतोय अजून." कापडाच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसून ताग्यामागून तागे उलगडले जायचे. "हे आटेल, थोडं जास्त घ्या," "हा रंग जाईल, शाळेसाठी नको," असं दुकानदारच सांगायचा. मालाबरोबर माहितीही मिळायची, आणि तिचे वेगळे पैसे पडत नव्हते.

ही दुकानं का बंद झाली, याचं एकच एक कारण नाही. कुठे मुलं शिकून दुसरीकडे नोकरीला लागली. कुठे जागेचं भाडं परवडेना. पेठांत गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक उपनगरातल्या मॉलकडे वळलं. ऑनलाइन सवलतींशी छोट्या दुकानाला बरोबरी करता येईना, आणि २०२० च्या टाळेबंदीत बरीच शटर्स खाली आली, त्यातली काही पुन्हा वर गेलीच नाहीत. आपणही त्या दुकानात जोड पायात घालून बघितला, माप पक्कं केलं आणि घरी येऊन मोबाईलवर मागवला, असं अनेक घरांत झालंय. दुकानदाराला ते कळत नव्हतं असं थोडंच आहे?

पण जुनं ते सगळं सोनं होतं, असंही म्हणवत नाही. किमतीची चिठ्ठी नसायची. गिऱ्हाईक बघून भाव सांगणारेही होते. दुपारी एक ते चार दुकान बंद, आणि उघडं असलं तरी "घ्यायचं असेल तरच काढून दाखवतो" असा खाक्या. भिंतीवर पाटी, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. मागे एका पालकसभेत या विषयावर गप्पा निघाल्या, तेव्हा सगळे जुन्या दुकानांच्या आठवणी काढत होते. चार घरची कामं करणारी एक आई मात्र म्हणाली, "मॅडम, त्या दुकानांची पायरी चढायची भीती वाटायची. आधी पायातली चप्पल बघायचे, मग बोलायचे. मॉलमधी कोण विचारत नाय. हात लावून बघता येतं, नाय परवडलं तर ठेवून देता येतं." सभा क्षणभर गप्प झाली. तिचं म्हणणं खरंच होतं. जी आपुलकी आमच्या वाट्याला आली, ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वाट्याला येत नव्हती.

म्हणजे तेव्हा काहीजणांना विचारायचं धाडस होत नव्हतं, आणि आता विचारायला कोणी उरलेलं नाही. शिक्षक म्हणून मला यातली दुसरी गोष्ट जास्त टोचते, कारण तिचा परिणाम वर्गात दिसतो.

सहावीच्या गणितात 'नफा-तोटा' हा पाठ आहे. तो सुरू करण्याआधी मी वर्गाला विचारलं, "एकटं दुकानात जाऊन, रोख पैसे देऊन, उरलेले मोजून कोण कोण परत आणतं?" पाच-सहा हात वर आले. बाकीच्यांच्या घरी बाबा क्यूआर कोड स्कॅन करतात किंवा सामान दारात येतं. सुट्ट्या पैशांच्या बदल्यात चॉकलेट हातावर ठेवणारा वाणी त्यांना माहीत नाही. तो गेला याचं दुःख नाही, पण त्याच्याशी वाद घालताना आमची वजाबाकी पक्की झाली होती!

मग मी मुलांना घरातली बिलं, पाकिटं आणि जाहिरातींची पत्रकं आणायला सांगितली. पुढचे चार तास पुस्तक बाजूला राहिलं. फळ्यावर पहिलं उदाहरण घेतलं, '५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के'. वर्ग एका सुरात ओरडला, "सत्तर टक्के!" मग १००० रुपयांचा ड्रेस घेऊन बसलो. अर्धी सूट गेल्यावर ५००, आणि त्या पाचशेवर २० टक्के म्हणजे १००. हातात बिल आलं ४०० चं. सूट झाली ६० टक्के. सत्तर टक्के असती तर बिल ३०० झालं असतं. "मग ते १०० रुपये कुठे गेले?" यावर जी चर्चा झाली, ती पुस्तकातल्या दहा गणितांनी झाली नसती.

दुसरं उदाहरण, एक शर्ट ५९९ ला आणि दोन ९९९ ला. दोन हवेच असतील तर १९९ वाचले. एकच हवा असेल तर ४०० जास्त गेले. तिसरं बिस्किटांचं. समजा छोटा पुडा १० रुपयांना ८० ग्रॅम आणि मोठा 'फॅमिली पॅक' ६० रुपयांना ४५० ग्रॅम. भागाकार केला तर छोट्याचा ग्रॅमला साडेबारा पैसे दर आणि मोठ्याचा तेरा पैशांच्या वर. मोठं ते स्वस्त, हा समज तिथेच मोडला. पाकिटांवर आता एककाचा दरही छापलेला असतो, तो अगदी बारीक अक्षरांत शोधायचा खेळ मुलांना फार आवडला. एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत आहे, त्यापेक्षा कमी किमतीत विकता येतं पण जास्त घेता येत नाही, हेही अनेकांना नव्याने कळलं.

गणित जमलं, पण विचारणं जमेना. वर्गात 'दुकान-दुकान' खेळायला घेतलं, तेव्हा हे लक्षात आलं. एक जण दुकानदार, एक गिऱ्हाईक. गिऱ्हाईक यायचं, वस्तू उचलायचं, पैसे द्यायचं आणि जायचं. एक शब्द नाही! "यापेक्षा स्वस्तातलं दाखवा," "हे खराब निघालं तर बदलून द्याल का?", "बिल द्या," ही साधी वाक्यं बोलताना हुशार मुलांचीही जीभ अडखळत होती. मोबाईलवर शंभर वस्तू वरखाली सरकवणारी मुलं समोरच्या माणसाला एक प्रश्न विचारताना लाजत होती.

म्हणून ती वाक्यं आम्ही रीतसर शिकलो, इंग्रजीची वाक्यं घोकावीत तशी. त्यासोबत थोडी कायद्याची माहितीही दिली. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हेसुद्धा त्यातच येतं. म्हणजे भिंतीवरची ती जुनी पाटी खराब मालाच्या बाबतीत चालत नाही. बिल करताना मोबाईल नंबरची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलं आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मुलांनी तो वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

शेवटचा धडा वर्गाबाहेर झाला. मुलांना महात्मा फुले मंडईत नेलं. १८८६ पासून भाजी विकली जाणारी ती दगडी इमारत आधी बाहेरून नीट पाहिली. मग चार-चार जणांचे गट केले, प्रत्येक गटाला १०० रुपये दिले आणि एका भाजीचं व कोशिंबिरीचं सामान आणायला सांगितलं. पहिली दहा मिनिटं मुलं गाळ्यांपुढे नुसती उभी. शेवटी एका मावशींनीच विचारलं, "काय हवंय रे? पावशेर देऊ का अर्धा?" आमच्या वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, पावशेर म्हणजे किती ग्रॅम?" मावशी हसल्या. वजन उचलून तिच्या हातात दिलं. "वाच काय लिहिलंय." २५० ग्रॅम. शेर जाऊन किलो येण्याचा कायदा १९५६ चा, पण बोलण्यातला शेर अजून मंडईत आहे, हे त्या एका वजनाने शिकवलं. मग ती मुलगी थांबेचना. ही काकडी कडू निघेल का, कोथिंबीर कालची की आजची, पाच रुपये कमी करा ना. पाच नाहीत, पण दोन रुपये कमी झाले. मूठभर मिरच्या मात्र वरती मिळाल्या.

पालकांना माझी एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा मुलाला किंवा मुलीला जवळच्या दुकानात एकटं पाठवा, रोख पैसे देऊन. परत आल्यावर हिशेब मागा आणि बिल मोठ्याने वाचून घ्या. शिवाय "दुकानात काय विचारलंस?" हे जरूर विचारा. मॉलमध्ये नेलंत तर दोन पाकिटांचे दर तिलाच ताडून बघू द्या. ऑनलाइन काही परत करायचं असेल तर तक्रार तिच्याकडून लिहून घ्या, चार-पाच वाक्यांत, मुद्देसूद. औपचारिक पत्रलेखनाचा याहून चांगला सराव कुठला?

बाजार पुन्हा आपल्या लहानपणीसारखा होणार नाही, आणि त्या आईचं ऐकल्यावर तो तसाच्या तसा परत यावा असं मला वाटतही नाही. पण ही मुलं उद्या बँकेत जातील, दवाखान्यात जातील, सरकारी कचेरीत जातील. तिथेही समोर काउंटर असेल किंवा मोबाईलचा पडदा असेल. 'हे असं का?' एवढं विचारायची सवय त्यांना आत्ताच, दोन रुपयांच्या कोथिंबिरीपासून लागली, तर पुढे त्यांचं अडणार नाही.