गर्दीचं रसायन

मी कॉमर्सचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध आम्लपित्तापुरता. पण गर्दी म्हणाल, तर त्या विषयातला मी अधिकारी माणूस आहे. गिरगावातल्या चाळीत, १० बाय १२च्या खोलीत माझा जन्म गेला. आणि बँकेच्या काउंटरमागे बसून पेन्शनच्या तारखेची गर्दी गेली २० वर्षं अंगावर घेतोय. त्यामुळे पुण्याला जीवरसायनशास्त्रात संशोधन करणारा माझा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, मी गर्दीवर काम करतो," तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला दादर स्टेशनात नोकरी लागली!

त्याची गर्दी निघाली पेशीतली. शाळेत बाईंनी फळ्यावर काढलेली पेशी तुम्हालाही आठवत असेल. एक मोठा गोल, मधोमध एक ठिपका आणि बाकी सगळी ऐसपैस मोकळी जागा. अगदी बिल्डरच्या माहितीपत्रकासारखी. प्रत्यक्षात मात्र पेशी म्हणजे चाळ! आपल्या आतड्यात बिनभाड्याने राहणारा ई. कोलाय हा जंतू घ्या. त्याच्या पेशीत प्रथिनं आणि आरएनए मिळून लिटरला ३०० ते ४०० ग्रॅम ऐवज कोंबलेला असतो. अंड्याच्या पांढऱ्या भागात प्रथिनं असतात लिटरला साधारण १०० ग्रॅम. ही मोठी मंडळी पेशीतली २० ते ३० टक्के जागा अडवून बसतात.

"म्हणजे ७० टक्के रिकामी की!" मी हिशेबी शंका काढली.

"मामा, लोकलच्या डब्यात माणसांच्या मधे फटी असतात ना? त्यातून शेंगदाणेवाला पोरगा पार होतो. तुम्ही होता का?" माझ्या पोटाकडे बघत तो म्हणाला.

जागा आहे, पण आपल्या मापाची नाही. सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. छोटे रेणू फटीतून सटकतात, मोठे अडकतात. चमकणारं एक प्रथिन ई. कोलायमध्ये सोडून पाहिलं, तर ते पाण्यातल्यापेक्षा दहापट हळू सरकलं. पण गंमत पुढेच आहे. गर्दीत आपण कसे पिशवी छातीशी धरून अंग चोरतो, तशी प्रथिनाची लांबलचक साखळीही घट्ट घडी घालून बसते. आणि दोन रेणू एकमेकांना बिलगले, की दोघांची मिळून कमी जागा अडते, म्हणून गर्दी त्यांना बिलगायलाच लावते. थोडक्यात, चालणं मंदावतं, चिकटणं वाढतं. आमच्या काउंटरवर दुसरं काय होतं? गिऱ्हाईक पोचायला अर्धा तास लावतं, पण एकदा पोचलं की हलत नाही.

शास्त्रज्ञ मात्र वर्षानुवर्षं पेशीतली विकरं काचेच्या नळीत, पातळ पाण्यात सोडून त्यांचं काम मोजत होते. म्हणजे रविवारी रिकाम्या बँकेत कारकुनाची परीक्षा घेण्यासारखंच! १९८१च्या सुमारास ॲलन मिंटन या अमेरिकन शास्त्रज्ञाने या गर्दीला नाव दिलं. १९८३ साली डीएनएचे तुटके तुकडे जोडणाऱ्या विकरावर प्रयोग झाला. सपाट कापलेली टोकं ते पातळ द्रावणात जोडीचना. मग पॉलिएथिलिन ग्लायकॉलसारखे लठ्ठ, निरुद्योगी रेणू घालून गर्दी केली, आणि टोकं जुळली! २०१३ साली कृत्रिम पेशींवर प्रयोग झाले. तिथेही गर्दी असली, की भोवतालची परिस्थिती बदलली तरी जनुकांचं काम कमी डळमळलं. म्हणजे जे कधी कामाला हात लावत नाहीत, त्यांच्या नुसत्या असण्यानेही काम होतं. आमच्या शाखेतल्या काही मंडळींना हे मी अजून सांगितलेलं नाही.

अर्थात चिकटणं नेहमी भल्याचंच असं नाही. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचा आजार आहे. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन आधीच ठासून भरलेलं; त्यातलं बिघडलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोरखंड वळतं आणि पेशीचा विळा होतो. चाळीतही नळावरची भांडणं गर्दीतूनच झाली.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण, आमची चाळ पडणार आहे. प्रत्येकाला स्वतंत्र ब्लॉक, घरात संडास. सौ.ने आनंदाने पेढे वाटले, सही मीही केली आहे. पण कोपऱ्यातल्या खोलीत एकट्या आजी राहतात. त्यांना भेटायला असं कुणीच कधी जात नाही. नळावर जाताना, जिन्यात, दोरीवर कपडे टाकताना त्या आपल्या आडव्या येतात. "आजी, गोळी घेतली का?" एवढं विचारून माणूस पुढे जातो. एवढ्यावर त्या ८४ वर्षांच्या झाल्या. नव्या इमारतीत त्या अकराव्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. मधे लिफ्ट आणि बंद दारं. पातळ द्रावण!

मी भाच्याला विचारलं, "अरे, पातळ द्रावणात जोडणी करायची तर उपाय काय?"

"बाहेरून गर्दी आणून घालावी लागते, मामा."

मी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "मग सकाळचा चहा रोज आजींकडेच घेऊ. नाहीतरी तुमच्यासारखे लठ्ठ, निरुद्योगी लागतातच म्हणे त्या कामाला."