मिशनचे कॉलेज

गेल्या वर्षी ज्येष्ठाच्या अखेरीस आमच्या डोंबिवलीच्या घरी एक मोठी कौटुंबिक सभा भरली. निमित्त आमच्या पुतण्याच्या मुलीचे. तिला अमेरिकेतील एका विद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि खर्चाचा मोठा भाग भागेल एवढी शिष्यवृत्तीही. पेढे आणावयाचे ते राहिले बाजूला, विद्यालयाचे नाव ऐकून धाकटे बंधू म्हणाले, "फिस्क? हे कोठले? कोणी ऐकले तरी आहे का?" तेव्हा मुलीनेच सांगितले की, टेनेसी संस्थानात नॅशव्हिल म्हणून शहर आहे, तेथील हे जुने कॉलेज, ख्रिस्ती मंडळींनी कृष्णवर्णीयांसाठी काढलेले, विद्यार्थी सारे मिळून सुमारे एक हजार. आमच्या वहिनींनी कपाळास हात लावला. "म्हणजे मिशनचे, आणि वर काळ्या लोकांचे!"

घरात वडील मी, म्हणून सर्वांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी नुसता मॅट्रिक. आजोबांपाशी शिकलेले संस्कृत पुढे मुलांना शिकविले, एवढीच माझी पुंजी. मी म्हणालो, "बाळ, अमेरिका एवढी मोठी. दुसरे एखादे कॉलेज पाहता येणार नाही का?" ती शांतपणे म्हणाली, "आप्पाआजोबा, तुमचे आजोबा विल्सनमध्ये गेले तेव्हा मुंबईत दुसरे कॉलेज नव्हते का?"

होते की! आमचे आजोबा कल्याणचे. पहाटे स्नानसंध्या उरकून आगगाडीने बोरीबंदर गाठावयाचे, तेथून ट्रामने गिरगाव आणि मग पायी चौपाटी. बायबलचा तास मुकाट्याने ऐकावयाचा, दुपारी घरून नेलेले पोहे एका बाजूस बसून खावयाचे, आणि घरी परतल्यावर सचैल स्नान केल्याखेरीज स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडावयाचा नाही! त्या काळी १८४३ सालचे शेषाद्रीबंधूंचे प्रकरण लोक विसरले नव्हते. नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले; धाकटा श्रीपत न्यायालयाने आईबापांच्या स्वाधीन केला, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला जातीत परत घेण्याचा पुरस्कार केला म्हणून केवढा गहजब झाला! मुलगा विल्सनमध्ये गेला म्हणजे हातचा गेला, असेच आळीत बोलत. आजोबा मात्र एवढेच उत्तर देत की, पांडुरंग वामन काणे याच कॉलेजातून १९०१ साली बी.ए. झाले. पुढे त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला, हे वाचकांस ठाऊकच आहे.

सभा निकालाविना उठली. मुलीने आणून दिलेली पुस्तके मी पुढे पंधरा दिवस वाचीत बसलो. अमेरिकेतील दक्षिणेच्या अनेक संस्थानांत गुलामास लिहावाचावयास शिकविणे हा कायद्याने अपराध होता. यादवी युद्ध संपून वर्षही झाले नव्हते, तोच १८६६ च्या जानेवारीत सैन्याच्या जुन्या इस्पितळाच्या बराकींत ही शाळा उघडली. उघडणारी अमेरिकन मिशनरी असोसिएशन. पहिल्या विद्यार्थ्यांत सात वर्षांची पोरे होती तसे सत्तरीचे वृद्धही होते. गुलामांच्या कोंडवाड्यात सापडलेल्या गंजक्या बेड्या मोडीत विकून त्यांनी शब्द शिकण्याची पुस्तके घेतली, असे सांगतात. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ गच्चीवर फिरलो.

पुढे पैसा संपला. तेव्हा ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थी गावोगाव गाऊन द्रव्य जमविण्यास निघाले. आईबापांची गुलामगिरीतील गाणी लोकांपुढे म्हणावयास आरंभी त्यांची जीभ रेटेना. आपल्याकडे तरी जात्यावरच्या ओव्या सभेत कोण म्हणत असे? पण तीच गाणी १८७३ साली व्हिक्टोरिया राणीने ऐकली, आणि मिळालेल्या पैशांतून १८७६ साली जुबिली हॉल ही इमारत पुरी झाली. त्याच १८७३ साली इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस ती अर्पण केली. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. ज्यांना आमच्या पाठशाळांची दारे बंद होती, त्यांनी दुसरे कोणते दार ठोठवावयाचे होते?

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. मी शिक्षक असताना आठवीतील एक मुलगा मजकडे आला. वस्तीतला, हुशार, अक्षर मोत्यासारखे. त्याला संस्कृत घ्यावयाचे होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, "तुला हिंदी सोपे जाईल रे, घरी कोण शिकवणार?" त्याने मान डोलविली आणि तो गेला. डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून त्यांना पर्शियन घ्यावे लागले, हे मी वर्गात कितीदा तरी सात्त्विक संतापाने सांगितले असेल! आपणही तेच, फक्त गोड शब्दांत केले, हे मला त्या गच्चीवर प्रथम उमगले. तो मुलगा पुढे कोठे गेला हे मला ठाऊक नाही.

श्रावण लागण्यापूर्वी मुलगी रवाना झाली. तेथे एकदम एका विषयास वाहून घेत नाहीत. जीवशास्त्रासाठी गेलेली मुलगी इतिहास, वाङ्मय आणि तत्त्वज्ञानही वाचते. वहिनी रोज दूरध्वनीवर "प्रार्थनेला बसवतात का ग?" एवढेच विचारीत. ऑक्टोबरात तिचे लांबलचक पत्र आले. ६ तारखेस तेथे जुबिलीचा दिवस पाळतात. सारे गातात, मग त्या पहिल्या गायकांच्या थडग्यांपाशी फुले घेऊन जातात. तीही गेली होती. तिने लिहिले, "मला गाणे येत नव्हते, म्हणून मी नुसती उभी राहिले. शेजारच्या मुलीने माझा हात धरला." ते पत्र वहिनींनी मजकडून दोनदा वाचवून घेतले, आणि त्या दिवसापासून प्रार्थनेची चौकशी थांबली.

पत्राच्या शेवटी एक मागणे होते. हात धरणारी ती मुलगी हिच्याच खोलीत राहते आणि तिला संस्कृत शिकावयाचे आहे. इंग्रजीतून शिकता येईल असे पुस्तक हवे. आजोबांची भांडारकरकृत 'मार्गोपदेशिका' माझ्या कपाटात होती, कॉलेजच्या दिवसांतली, पाने पिवळी पडलेली. नवी प्रत बाजारात मिळते, असे बंधू म्हणाले. मी जुनीच कापडात गुंडाळली, आणि पुतण्या ती सोमवारी टपाल कचेरीत देऊन आला.