खिडक्या, ऊन आणि आई

यंदा खिडक्या बदलायचा योग आला. मिनेसोटातला हिवाळा, जुन्या काचांवर आतून बर्फ धरायचा. (खरंच. नखाने खरवडता यायचा!)

दुकानदाराचं म्हणणं, सगळीकडे एकच काच लावा. मी मात्र खिडक्यांवरची लेबलं वाचत बसले. दोन आकडे महत्त्वाचे. यू-फॅक्टर म्हणजे घरातली ऊब किती निसटते; तो कमी तितका बरा, यावर वाद नाही. दुसरा एसएचजीसी. उन्हातली किती उष्णता आत येते, ते 0 ते 1 या मापात. हाही कमीच घ्या, असा त्याचा आग्रह. टेक्सस-ॲरिझोनात ठीक आहे हो! पण इथे जानेवारीत सूर्य दक्षिणेला इतका खाली असतो की ऊन थेट खोलीत शिरतं. तेही फुकट.

आणि त्याच खिडकीशी आई बसते. सांगली सोडून तिला चार वर्षं झाली. गुडघ्यांवर ऊन घेत जप करते. तिथे 0.2 ची काच लावली असती तर ऊन नुसतं दिसलं असतं, गुडघ्यांना फारसं लागलं नसतं. म्हणून दक्षिणेला 0.5 च्या आसपासची काच घेतली. पश्चिमेला 0.25 ची, कारण जुलैतली संध्याकाळ तिकडून भाजून काढते. दुकानदाराला दोन वेगळ्या ऑर्डरी लिहाव्या लागल्या. लिहिल्या बिचाऱ्याने.

600 डॉलरपर्यंतची फेडरल करसवलत 2025 अखेर संपली, त्यामुळे उत्तरेच्या दोन खिडक्या पुढच्या वर्षावर. तूर्त तिथे हेअर ड्रायरने ताणून बसवलेलं प्लास्टिक आहे. वारा आला की फुगतं.